एलोईझची कैफियत

पॅरिस शहरातील पेर लाशेझ या दफनभूमीत दगडी छत्रीखाली एक जोडकबर आहे. इ. स. १८१७ मध्ये तेथे आणून ठेवलेल्या अस्थी एका गुरूच्या आणि त्याच्या शिष्येच्या आहेत, असे मानले जाते. गुरू म्हणजे पीटर आबेलार आणि शिष्या म्हणजे एलोईझ. प्रेमी जन तेथे फुले वाहतात. सेमिनरीत आम्हांला आबेलार भेटला तो तर्कशास्त्राच्या तासाला. एलोईझविषयी कोणी फारसे बोलले नाही. पुढे धर्मग्रामात काम करू लागल्यावर तिची पत्रे वाचली आणि वाटले, की ही कथा प्रेमिकांइतकीच शिक्षकांनी, पालकांनी आणि आम्हां धर्मगुरूंनीही वाचावी अशी आहे.

आबेलारचा जन्म इ. स. १०७९ मध्ये ब्रिटनी प्रांतातील ल पॅले या गावी झाला. वादविवादात त्याने आपल्या गुरूंनाही निरुत्तर केले. इ. स. १११४ च्या सुमारास तो पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिराच्या विद्यालयात आचार्य झाला. याच विद्यालयाच्या परिसरातून पुढे पॅरिस विद्यापीठ उभे राहिले आणि इ. स. १२०० मध्ये राजा दुसरा फिलिप याने त्याला सनद दिली. दूरदूरच्या देशांतून तरुण आबेलारची व्याख्याने ऐकण्यास येत. त्या वर्गांत स्त्रियांना मात्र स्थान नव्हते.

महामंदिराचे एक कॅनन फुल्बेर यांची भाची एलोईझ. आर्जांतय येथील मठात तिचे शिक्षण झाले होते व तिच्या विद्वत्तेचा लौकिक फ्रान्सभर पसरला होता. ती सतरा वर्षांची होती असे परंपरा सांगते. अलीकडचे काही अभ्यासक तिचे वय विशीच्या पुढे मानतात. आबेलार पस्तिशी ओलांडलेला होता. विद्वान भाचीला थोर शिक्षक लाभावा, या हौसेने मामांनी आबेलारला आपल्याच घरी राहावयास जागा दिली, आणि शिष्येला शिक्षा करण्याचा अधिकारही दिला.

येथे आपण थांबले पाहिजे. शिष्येचे मन गुरूकडे ओढले जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. जो आपल्या बुद्धीला जागे करतो, त्याच्याविषयी आदर वाटता वाटता त्या आदराला दुसराच रंग केव्हा चढतो, ते तरुण मनाला कळतही नाही. परंतु येथे पहिले पाऊल कोणाचे होते? आपल्या आत्मवृत्तात आबेलार आडपडदा न ठेवता सांगतो, की त्याने तिला हेरले, घरात शिरण्याची योजना आखली आणि आपल्या कीर्तीपुढे कोणतीही स्त्री नकार देणार नाही याची त्याला खात्री होती. पुढे एका पत्रात तो याहून कठोर कबुली देतो: तिची इच्छा नसतानाही त्याने प्रसंगी धाक दाखवून आणि मारहाण करून तिला वश केले. प्रेमकथा सांगणारे हे पान बहुधा उलटून टाकतात. आपण तसे करू नये.

पुढील घटना झरझर घडल्या. व्याख्यानांत जीव उरला नाही. जुनेच धडे तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. एलोईझला दिवस गेले. आबेलारने तिला ब्रिटनीत आपल्या बहिणीकडे पाठवले. तेथे मुलगा झाला. त्याचे नाव आस्त्रोलाब. आबेलार विवाहास तयार झाला, पण तो गुप्त ठेवावा या अटीवर. एलोईझने विवाहालाच विरोध केला. त्याची विद्या संसारात वाया जाईल आणि मामांचा राग त्यानेही शमणार नाही, असे तिचे म्हणणे होते. तरीही विवाह झाला. मामांनी तो जगजाहीर केला, तेव्हा आबेलारने तिला आर्जांतयच्या मठात ठेवले. आपल्या भाचीला तो टाकून देत आहे, असा समज होऊन फुल्बेर यांच्या माणसांनी एका रात्री त्याच्यावर हल्ला केला व त्याचे पौरुष छेदून टाकले.

आबेलार सें-दनी मठात संन्यासी झाला. त्याआधी त्याच्या आज्ञेवरून एलोईझने मठवासाची वस्त्रे स्वीकारली. ती आधी आणि तो नंतर! हा क्रम तिच्या काळजात कायमचा रुतून बसला. आपल्यावर त्याचा एवढाही विश्वास नव्हता का, असे तिने पुढे विचारले.

वर्षे लोटली. इ. स. ११२९ मध्ये आर्जांतयच्या भगिनींना मठ सोडावा लागला. तेव्हा आबेलारने शांपान्य प्रांतात स्वतः उभारलेले ‘पाराक्लेत’ हे प्रार्थनास्थळ त्यांना दिले. पवित्र आत्म्याला, सांत्वन करणाऱ्याला, वाहिलेले ते स्थान. एलोईझ तेथील मठाधिपती झाली. इ. स. ११३२ च्या सुमारास आबेलारचे आत्मवृत्त तिच्या हाती आले व तिने लेखणी उचलली. आपण वस्त्रे घेतली ती देवासाठी नव्हे, त्याच्या शब्दासाठी. म्हणून देवाकडे कोणत्या तोंडाने बक्षीस मागावे, असे ती लिहिते. लोक आपल्याला शीलवती म्हणतात, पण मिस्साविधीच्या वेळीही जुन्या आठवणी मन व्यापून टाकतात, हेही ती लपवत नाही.

काही वाचकांना या कबुलीने धक्का बसतो. अनेक वर्षे पापनिवेदन ऐकणाऱ्या मला मात्र त्यात मोठी प्रामाणिकता दिसते. जिने देवापुढे ढोंग केले नाही, तिला देव दूर लोटील काय?

आबेलारने उत्तरात तिचे लक्ष क्रुसावरील प्रभूकडे वळवले. तिने जुना विषय बाजूला ठेवला व नवे काम मागितले. संत बेनेडिक्टचे नियम पुरुषांसाठी रचलेले. वस्त्रांपासूनच ते स्त्रियांना कसे लागू व्हावेत? मग आबेलारने भगिनींसाठी नियम लिहिले, स्तोत्रे रचली आणि पवित्र शास्त्राविषयी तिने विचारलेल्या बेचाळीस प्रश्नांची उत्तरे दिली. ज्या नात्याची सुरुवात अधिकाराच्या गैरवापराने झाली, त्यात आता शिष्या प्रश्न विचारीत होती आणि गुरू उत्तरदायी झाला होता. मला ही या कथेची खरी फलश्रुती वाटते.

सांसच्या धर्मपरिषदेत संत बर्नार्ड यांच्या पुढाकाराने आबेलारच्या मतांचा निषेध झाला. थकलेल्या त्या वृद्धाला क्लूनीचे मठाधिपती पीटर यांनी आश्रय दिला. इ. स. ११४२ मध्ये तो वारल्यावर पीटर यांनी एलोईझला सांत्वनाचे पत्र लिहिले व त्याचा देह पाराक्लेतला पोहोचवला. एलोईझने त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्या: आबेलारच्या पापक्षमेचा लेखी दाखला, आणि आस्त्रोलाबसाठी कोठेतरी एखादे पद. आयुष्यभर जिचे मातृत्व झाकले गेले, त्या आईने अखेरीस मुलाची आठवण ठेवली.

आज आपल्या मुली-मुलगे महाविद्यालयांत, विद्यापीठांत शिकतात. त्यांच्यापैकी कोणाचे मन एखाद्या प्राध्यापकाकडे ओढले गेले, तर घरात वादळ उठते आणि सारा दोष त्या मुलीच्या माथी येतो. एलोईझची कैफियत आपल्याला सांगते, की भावना मनात उगवणे हा अपराध नव्हे. उंबरठा राखण्याची जबाबदारी वयाने, ज्ञानाने आणि अधिकाराने मोठा असेल त्याची असते. मग तो शिक्षक असो वा धर्मगुरू. आणि फुल्बेर मामांची चूकही विसरू नये. त्यांनी डोळे मिटून विश्वास टाकला व डोळे उघडल्यावर सूड घेतला. या दोन्हींच्या मध्ये, भाचीजवळ बसून तिचे ऐकून घेण्याची एक जागा होती. ती रिकामीच राहिली. आपल्या घरांत ती रिकामी राहू नये.