फरारी संसार

पुण्याहून नगरकडे निघालेला प्रवासी घोडनदी मागे टाकून पुढे आला की पारनेर तालुक्यातले सुपे लागते. आज तेथे कारखान्यांची वसाहत आहे आणि हमरस्त्यावर मालमोटारींची अखंड वर्दळ आहे. पण सुपे हे नाव कानी पडताच इतिहासाच्या वाचकाला दुसरेच सुपे आठवते. ते पुणे जिल्ह्यातले, जुन्या भीमथडी तालुक्यातले सुपे. १२ मे १८७५ रोजी तेथील बाजारात कुणबी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले, आणि ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदला गेलेला वणवा पेटला. पाहता पाहता तो नगर जिल्ह्यात शिरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांना त्याची झळ लागली. तेव्हा गावे दोन असली तरी दुखणे एकच होते.

त्या दंग्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की जमावाचा डोळा सावकाराच्या रोकडीपेक्षा त्याच्या दप्तरावर होता. बँक हा शब्द खेड्यात पोहोचला नव्हता, त्या काळात सावकाराची पेटी हीच गावची बँक. त्या पेटीतली खते, गहाणपत्रे आणि हुकूमनामे मागून घ्यायचे आणि चव्हाट्यावर त्यांची होळी करायची, असा तो प्रकार. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. ज्याला कागदोपत्री लूट म्हणायचे, तिच्यामागे एखादा हिशेब असू शकतो, हे आमच्या मुलखाने तेव्हाच पाहून ठेवले होते.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे लुटारू प्रेमिकांची एक जगप्रसिद्ध कथा. बँका लुटणारा घोडेस्वार आणि त्याच्या बरोबरीने दौडणारी त्याची सखी, ही जोडी अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओसाड मुलखातून जगभर पोहोचली. १९६९ साली निघालेल्या चित्रपटाने तर तिला घरोघरी नेले. बुच कॅसिडी आणि सनडान्स किड ही नावे आपल्याकडच्या रसिकांनाही ठाऊक आहेत. यातला सनडान्स म्हणजे हॅरी लाँगबॉ. घोडा चोरल्याबद्दल वायोमिंगमधील सनडान्स गावी त्याला कैद झाली आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. सप्टेंबर १९०० मध्ये या टोळीने नेव्हाडा प्रांतातील विनेमका येथली बँक लुटली. बत्तीस हजारांहून अधिक डॉलर हाती लागले. पुढे दोनच महिन्यांत टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे टोळीतल्या पाच जणांनी उंची कपडे घालून झोकात एक छायाचित्र काढून घेतले. हौसेला मोल नसते म्हणतात, पण ही हौस भलतीच महागात पडली. ते चित्र पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेच्या हाती लागले आणि गावोगाव फिरू लागले.

सनडान्सची सखी एटा प्लेस. फेब्रुवारी १९०१ मध्ये दोघे न्यूयॉर्कहून आगबोटीने अर्जेंटिनाला गेली. तेथे चोलिला नावाच्या दरीत त्यांनी आणि कॅसिडीने लाकडी घर बांधले, गुरे-मेंढरे पाळली आणि चार वर्षे चारचौघांसारखा संसार केला. पण पाठलाग सुटेना. १९०५ साली घरदार विकून पुन्हा पळापळ सुरू झाली आणि पुन्हा बँकेवर दरोडा आला. नोव्हेंबर १९०८ मध्ये बोलिव्हियातील सान व्हिसेंते या खाणीच्या गावी दोघे पुरुष संपले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तत्पूर्वीच एटा इतिहासाच्या पानावरून नाहीशी झाली होती. ती कोणत्या घरची लेक, तिचे पुढे काय झाले, याचा पत्ता शतकभर शोधूनही लागलेला नाही. इतकेच काय, ‘एटा’ हे नावसुद्धा तिचे नव्हे. ती स्वतः ‘एथेल’ अशी सही करी. एटा हे गुप्तहेरांच्या टिपणातले नाव. जिच्या प्रेमाच्या कथा जगाने चवीने ऐकल्या, तिला स्वतःचे नावही उरले नाही!

आता वाचकांनी माझ्याबरोबर १९४२ सालच्या महाराष्ट्रात यावे. अशी फरारी जोडपी आपल्याकडेही होऊन गेली. त्यांनीही सरकारी खजिने लुटले, त्यांच्याही मागावर पोलीस होते. मात्र त्यांच्या कथेचा शेवट निराळा झाला, आणि तो का निराळा झाला, हेच आज पाहायचे आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी पकडून नगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद अशी मंडळी त्या तटांच्या आड होती. पुढारी आत गेले आणि चळवळ बाहेरच्या तरुणांच्या हाती आली. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्याचा मोठा भाग आज सांगली जिल्ह्यात आहे, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून ‘प्रति सरकार’ उभे राहिले. लोक त्याला ‘पत्री सरकार’ म्हणत. गावोगाव न्यायमंडळे बसली, सावकारीला आणि दरोडेखोरीला आळा बसला, दारूबंदी झाली. सरकार म्हटले की फौज आली, आणि फौज म्हटली की पैसा आला. ‘तुफान सेना’ नावाचे दल कुंडलच्या जी. डी. बापू लाड यांनी उभारले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून पैसा ताब्यात घेण्यात आला. त्या मोहिमेतले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, नव्वदी उलटल्यावरही ‘लूट’ या शब्दाला हरकत घेत. पैसा मुळात रयतेचा, तो रयतेकडे परत आणला, एवढेच त्यांचे म्हणणे.

याच १९४३ सालची भवानीनगरची गोष्ट तर एखाद्या वगनाट्यात शोभावी अशी आहे. पोलीस चौकीसमोर एक नवरा बायकोला गुरासारखे बडवू लागला. बाई आक्रोश करीत होती, गडी जीव घेण्याची भाषा करीत होता. चौकीतले शिपाई सोडवायला धावले. इकडे चौकी मोकळी पडली आणि दबा धरून बसलेल्या साथीदारांनी बंदुका व काडतुसे लांबविली. नवराही खोटा आणि भांडणही खोटे. मार मात्र खरा! ती बाई म्हणजे नाना पाटलांची कन्या हौसाताई. वय अवघे सतरा वर्षांचे, लग्न झालेले, पदरी तान्हे मूल. त्यांचे खरे पती भगवानराव मोरे-पाटील हेही याच चळवळीतले. मार जरा जास्तच बसला, अशी तक्रार हौसाताई पुढे म्हातारपणीही हसत हसत करीत.

पुढच्याच वर्षी त्या गोव्यात गेल्या. बाळ जोशी हे सहकारी पणजीला पोर्तुगिजांच्या तुरुंगात होते. बहीण म्हणून हौसाताई त्यांना भेटल्या, आणि सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात खोवून आत नेली. परतताना उतारावर पहारा होता. तेव्हा रात्रीच्या अंधारात एका लाकडी पेटीवर पालथे पडून त्यांनी मांडवी नदी ओलांडली. विनेमकाच्या घोडदौडीपुढे ही गोष्ट कोठे उणी पडते?

दुसरे जोडपे खानदेशातले, डॉ. उत्तमराव आणि लीलाताई पाटील. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये अमळनेरला जो उठाव झाला, त्यात लीलाताई पुढे होत्या. त्यांना शिक्षा झाली, पण त्या कैदेतून निसटल्या आणि भूमिगत होऊन साताऱ्याच्या प्रति सरकारात दाखल झाल्या. तेथे त्यांनी स्त्रियांच्या आणि न्यायदानाच्या कामात भाग घेतला. घरी बसून फरारी नवऱ्याची वाट पाहणारी ही बाई नव्हे; ती स्वतःच फरारी होती.

१४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपयांची. सोन्याचा तोळा शंभर रुपयांच्या आत मिळे, त्या काळातले हे साडेपाच लाख! जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा नायकवडी ही साताऱ्याची मंडळी परक्या मुलखात एवढे धाडस करू शकली, कारण उत्तमरावांसारखे खानदेशी साथी त्यांच्याबरोबर होते. योगायोग पाहा. त्याच एप्रिल महिन्यात नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहावयास घेतले. तटाच्या आत भारताचा शोध चालला होता आणि बाहेर त्याच भारताची दोन नवी पाने लिहिली जात होती.

तिसऱ्या जोडप्याची गोष्ट मंगल कार्याची आहे. १९४५ साली जी. डी. बापूंचे लग्न विजयाताईंशी कुंडलला लागले. नवरदेव फरारी, पोलिसांना हवा असलेला. पण लग्न चोरून लागले नाही. हजारो लोकांच्या साक्षीने लागले. हुंडा नाही, मानपान नाही, थाटमाट नाही, असे ते ‘गांधी लग्न’. चोलिलाच्या लाकडी घरात एटाला शेजाऱ्यांपुढे खोट्या नावाने वावरावे लागले. कुंडलला मात्र सारा गाव वऱ्हाडी होऊन आला.

खरा भेद येथे आहे. सनडान्सला लपवील असे गाव नव्हते; त्याला घोड्याच्या पायांवर आणि परदेशाच्या अंतरावर भरवसा ठेवावा लागला. साताऱ्याच्या फरारींना भाकरीने राखले. पहाटे उठून दहा माणसांचे पीठ जास्त मळणारी, रात्री अनोळखी थाप ओळखून कडी काढणारी, पोलिसांनी दमदाटी केली तरी ओठ न उघडणारी बाई घराघरात होती. फितूर नव्हतेच असे नाही. त्यांना आणि गुंडांना तळपायावर मार देण्याची शिक्षा होई आणि ती कठोर होती. पण केवळ धाकाने कोणी तीन-चार वर्षे फरारींना पोसत नाही. पैसा कोठे गेला हे गावाला दिसत होते, म्हणून गाव गप्प राहिला.

कोणी विचारील, साध्य चांगले म्हणून दरोड्याला पुण्यकर्म म्हणायचे काय? हा प्रश्न त्या काळीही होता. १९४४ साली सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगतच राहिले. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. मला एवढेच वाटते, की लुटीचा न्याय करताना दोन गोष्टी विचाराव्यात: पैसा मुळात कोणाचा, आणि तो गेला कोठे? १८७५ चा कुणबी या प्रश्नांना उत्तर देऊ शकत होता, चिमठाण्याची मंडळीही देऊ शकत होती. सनडान्सपाशी उत्तर नव्हते, आणि त्याच्या सखीला तर उत्तर द्यायला नावही उरले नाही.

मात्र आपणही फार मिरवू नये. एटाच्या मानाने आमच्या या स्त्रिया भाग्यवान. हौसाताई २३ सप्टेंबर २०२१ पर्यंत जगल्या. आपली हकीकत त्यांनी आपल्या तोंडाने सांगितली. तरीही प्रति सरकारची गोष्ट निघाली की आगगाडी, खजिना आणि बंदुका यांचीच नावे पुढे येतात. लीलाताईंची ओळख उत्तमरावांच्या पत्नी म्हणून, हौसाताईंची नानांच्या लेक म्हणून करून दिली जाते. आणि त्या पीठ मळणाऱ्या हजारो बाया? त्यांची ओळख करून द्यायला कोणी उरलेले नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाची वही पुजतो. जमेला काय आले, खर्ची काय पडले, हे तीत नेकीने लिहावे असा संकेत आहे. स्वातंत्र्याच्या वहीत साडेपाच लाखांची नोंद ठळक अक्षरांत आहे. ज्या चुलींवर त्या फौजेची भाकरी भाजली, त्यांची नोंद अजून व्हायची आहे. ज्यांच्या घरात अशी एखादी आजी होऊन गेली असेल, त्यांनी या दिवाळीत तिचे नाव निदान मुलाबाळांना तरी सांगावे.