प्रागचे फेस शील्ड आणि खुला आराखडा

१/ मार्च २०२०. करोनाची साथ पसरत होती आणि रुग्णालयांत संरक्षक साधनांची टंचाई होती. साथीच्या मुकाबल्यासाठी दरमहा सुमारे ८ कोटी ९० लाख मास्क व १६ लाख गॉगल लागतील, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने ३ मार्चला दिला. अशा वेळी प्रागमधील थ्रीडी प्रिंटर बनवणारी एक कंपनी डॉक्टरांच्या मदतीला कशी आली, त्याचा हा इतिहास. 🧵

२/ आरंभ इंग्लंडमधला. २००५ साली बाथ विद्यापीठातील एड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ प्रकल्प सुरू केला. स्वतःचे बरेचसे सुटे भाग स्वतःच छापील, असे यंत्र घडवणे हा त्याचा हेतू. त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले होते.

३/ प्रागमधील तरुण योसेफ प्रुशा यांनी त्यातील ‘मेंडेल’ हे यंत्र जुळवायला सोपे केले आणि आपली सुधारणाही खुली ठेवली. २०१२ साली त्यांनी ‘प्रुशा रिसर्च’ स्थापन केली. कंपनीच्या कारखान्यात पुढे शेकडो प्रिंटर नव्या प्रिंटरांचे भाग रात्रंदिवस छापू लागले.

४/ १२ मार्च २०२० रोजी चेक सरकारने आणीबाणी जाहीर केली. कंपनीने अवघ्या तीन दिवसांत फेस शील्डची रचना सिद्ध केली : कपाळाभोवती छापील पट्टी, तिला अडकवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा, मागे इलॅस्टिक. नमुने आरोग्य मंत्रालयाला दाखवून सुधारले गेले. मंत्रालयाला १०,००० शील्ड विनामूल्य देण्याचे ठरले.

५/ शील्ड हा मास्कला पर्याय नव्हे. रुग्णाच्या खोकल्यातून उडणारे थेंब ते डोळ्यांवर व चेहऱ्यावर येऊ देत नाही आणि आतला मास्कही स्वच्छ राहतो. मास्क पुरवून वापरण्याच्या त्या दिवसांत हे साहाय्य मोठे होते.

६/ मर्यादाही स्पष्ट होत्या. थ्रीडी प्रिंटर थरावर थर रचतो. त्यामुळे काम संथ, आणि थरांमधील खाचा निर्जंतुक करणे कठीण. साच्यात ओतलेली पट्टी काही सेकंदांत तयार होते; परंतु तो साचा घडवण्यास आठवडे लागतात. प्रिंटरचे काम त्याच दिवशी सुरू होते. टंचाईत हाच फरक निर्णायक ठरला.

७/ सर्वांत महत्त्वाचा निर्णय पुढचा. कंपनीने आराखडा महाजालावर विनामूल्य खुला केला. विमाने थांबली होती, सीमा बंद होत होत्या. आराखड्याला मात्र अडसर नव्हता. देशोदेशींच्या हौशी कारागिरांनी तो उतरवून घेतला, आपल्या गरजेनुसार बदलला आणि जवळच्या रुग्णालयांना शील्ड दिली.

८/ हीच रीत भारतातही दिसली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. मुंबईच्या ‘मेकर्स असायलम’ने ‘एम-१९’ हा उपक्रम सुरू केला. माल एका ठिकाणी बनवून सर्वत्र पाठवणे अशक्य होते. म्हणून गावोगावच्या कारागिरांनी आपापल्या ठिकाणी शील्ड घडवली. ४९ दिवसांत ४२ शहरे व गावे मिळून १० लाख शील्ड तयार झाली.

९/ पुढे कारखान्यांचे साचे तयार झाले आणि छापील पट्ट्यांची गरज ओसरली. मधल्या आठवड्यांत मात्र अनेक डॉक्टर-परिचारिकांच्या चेहऱ्यासमोर हाच पडदा होता. प्रुशा यांना पहिला आराखडा खुला मिळाला होता. साथीच्या काळात त्यांच्या कंपनीने आपला आराखडाही तसाच खुला दिला.

#थ्रेड #इतिहास