झडपेची मोकळीक : ऑइल इंजिनापासून विमानाच्या प्रतिकृतीपर्यंत

प्रस्तावना

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. निकोलाउस ओटोचे चार धावांचे इंजिन त्यापूर्वी १८७६ मध्ये चालले होते आणि रुडॉल्फ डीझेलचे इंजिन यशस्वी चाचणीपासून अवघी दोन वर्षे दूर होते. विनोबांनी पुढे यंत्रांचे तीन वर्ग केले: वेळ वाचवणारी, संहारक आणि उत्पादक. उत्पादक यंत्रे पुन्हा देशकालानुसार श्रमाला पूरक किंवा मारक ठरतात, असे त्यांचे म्हणणे होते. विहिरीवरची मोट थांबवणारे ऑइल इंजिन या चर्चेत सहज बसते. विमानाच्या प्रतिकृतीत बसवलेले दहा घनसेंटिमीटरचे फोर-स्ट्रोक इंजिन मात्र यांपैकी कोणत्याच वर्गात मावत नाही. ते वेळ वाचवत नाही, काही उत्पन्न करत नाही आणि संहार तर मुळीच नाही. ते शिकवते, आणि तेही मुख्यतः झडपेची मोकळीक जुळवताना. या एका समायोजनाचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहिला आहे.

मोकळीक म्हणजे काय

फोर-स्ट्रोक इंजिनात आत घेणारी आणि बाहेर टाकणारी अशा दोन झडपा असतात. कॅमची उचल पुशरॉडमार्फत रॉकरला मिळते आणि रॉकर झडपेचा दांडा दाबतो. झडप मिटलेली असताना रॉकर व दांडा यांच्यात किंचित अंतर राखावे लागते. याच अंतराला मोकळीक म्हणतात. मिस्त्री मंडळी या सर्व कामाला सरसकट ‘टॅपेट सेटिंग’ म्हणतात आणि फट वाढली की ‘टॅपेट वाजतंय’ असे निदान केवळ कानाने करतात. फट जास्त झाली तर झडप उशिरा उघडते, लवकर मिटते आणि पुरेशी उचललीही जात नाही. आवाज होतो, शक्ती घटते; पण इंजिन सहसा मोडत नाही. फट नाहीशी झाली तर मात्र झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. दाब गळतो आणि बाहेर टाकणाऱ्या झडपेची उष्णता बैठकीतून निघून जाण्याचा मार्ग बंद होऊन तिची कड जळते. म्हणून ‘वाजणारे चालेल, पण दाबलेले नको’ हा पक्षपात कारागिराच्या हातात असतो, आणि तो रास्तच आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

हे ज्ञान महाराष्ट्रात विमानांबरोबर आले नाही. ते पाण्याबरोबर आले. १९३० च्या दशकात साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात तेलावर चालणारी इंजिने तयार होऊ लागली. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. या कंपनीचे एव्ही-१ हे एका सिलिंडरचे इंजिन पुढे शेतात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सारखेच रुळले. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर, शक्ती पाच अश्वशक्ती आणि वेग मिनिटाला १५०० फेरे. आपल्या प्राध्यापकवर्गातील अनेकांनी विद्यार्थिदशेत त्याचे आलेख काढले असतील. पण त्याचे झाकण उघडून फिलर गेज सरकवण्याचे काम बहुधा प्रयोगशाळा-साहाय्यकाने केले असेल. कारखानदारांची चरित्रे मराठीत आहेत. त्यांची इंजिने गावोगाव चालती ठेवणाऱ्या मिस्त्रींचा इतिहास त्या मानाने अलिखितच राहिला.

दुचाकीच्या बाबतीत क्रम उलटा झाला. आकुर्डीत बनणारी चेतक स्कूटर टू-स्ट्रोक होती. तिच्यात रॉकर नाही, टॅपेट नाही. दट्ट्याच सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे उघडतो आणि झाकतो. १९९१, १९९६ आणि २००० मध्ये धुरावरील निर्बंध टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, तशी फोर-स्ट्रोक वाहने वाढली. ऑइल इंजिनाच्या मिस्त्रीला जुने असलेले काम स्कूटरच्या मिस्त्रीला तेव्हा नव्याने शिकावे लागले.

प्रतिकृतींचे इंजिन

विमानांच्या प्रतिकृतींतही टू-स्ट्रोकचेच राज्य दीर्घकाळ होते. अमेरिकेतील ब्राउन ज्युनियर (१९३४) हे मोठ्या प्रमाणावर विकले गेलेले इंजिन टू-स्ट्रोक होते. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग आला आणि ठिणगीसाठी लागणारी बॅटरी व कॉइल उडत्या विमानातून वगळता आली. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेना १९४८ मध्ये उभी राहिली. तिच्या हवाई विभागामार्फत (१९५०) विमान-प्रतिकृतींचा छंद महाविद्यालयांत पोहोचला. तोही प्रामुख्याने टू-स्ट्रोक इंजिनांच्या आधारे.

फोर-स्ट्रोकचे छोटे नमुने हौशी कारागीर पूर्वीपासून बनवत होते. परंतु दुकानातून विकत घ्यावे असे इंजिन जपानच्या ओ.एस. कंपनीने एफएस-६० या नावाने १९७६ मध्ये आणले. ओटोच्या इंजिनाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. सैतो कंपनीचे इंजिन १९७९ मध्ये आले. या बदलामागचे मोठे कारण आवाजाचे होते: उड्डाणाच्या मैदानांभोवती वस्ती वाढली आणि टू-स्ट्रोकचा कर्कश सूर शेजाऱ्यांना असह्य झाला. फोर-स्ट्रोकचा आवाज खर्जातला असतो. मात्र या खर्जाबरोबर छांदिष्टाच्या पदरात टॅपेटही पडले.

एव्ही-१ चे घनफळ सुमारे ५५३ घनसेंटिमीटर, तर एफएस-६० चे सुमारे दहा. ओ.एस.च्या अनेक पुस्तिकांत थंड इंजिनासाठी ०.०४ ते ०.१० मिलिमीटर मोकळीक दिलेली आढळते. लिहिण्याचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे कमाल मर्यादा एका कागदाएवढी. इंजिन लहान झाले, फटही त्या प्रमाणात लहान झाली, पण माणसाची बोटे तेवढीच राहिली. समायोजनाच्या स्क्रूच्या आट्यांचे अंतर अर्धा मिलिमीटर धरले, तर ०.०५ मिलिमीटरसाठी तो एक दशांश फेराच फिरवायचा असतो. लॉकनट आवळताना एवढा फरक नकळत पडतो. म्हणून नट आवळल्यावर पुन्हा मोजणे हा उपचार नसून कामाचा गाभा आहे.

कृती मोठ्या इंजिनासारखीच आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे, रॉकरचे झाकण काढायचे आणि पंखा हाताने फिरवून दट्ट्या दाबाच्या धावेच्या वरच्या टोकाला आणायचा. दोन्ही झडपा तेव्हा मिटलेल्या असतात. दट्ट्या उच्छ्वासाच्या धावेअखेरही त्याच टोकाला येतो आणि नवशिके तेथेच फसतात. त्या क्षणी झडपा किंचित उघड्या असल्याने मोजलेली फट खोटी असते.

खरा भेद पुढेच आहे. बिडाच्या ऑइल इंजिनात झडपेचा दांडा भोवतालच्या भागांहून अधिक तापतो व लांबतो, त्यामुळे इंजिन गरम झाले की फट सामान्यतः कमी होते. मिस्त्रीची पिढीजात समजूत हीच. प्रतिकृतीच्या इंजिनाचे सिलिंडर व डोके ॲल्युमिनियमचे आणि पुशरॉड पोलादी असतील, तर गणित उलटते. ५० मिलिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा भाग १०० अंश तापला तर सुमारे ०.११ मिलिमीटर वाढतो आणि तेवढेच पोलाद सुमारे ०.०६. पुशरॉड प्रत्यक्षात तितका तापतही नाही. हिशेब ढोबळ आहे. पण सिलिंडर वर सरकते, पुशरॉड मागे पडतो आणि फट वाढते एवढे त्यातून स्पष्ट होते. ही वाढ मूळ मोकळिकीएवढी असू शकते. अशा इंजिनात गरम असताना ०.०५ची फट लावली, तर थंड झाल्यावर ती नाहीशी होऊन झडप अधांतरी राहण्याचा संभव असतो. दुसऱ्या दिवशी पंखा फिरवताना बोटाला दाबच लागत नाही आणि दोष उगाच पिस्टन-रिंगला दिला जातो. ऑइल इंजिनावर मुरलेला हात येथे चुकतो तो अज्ञानाने नव्हे, दुसऱ्या धातूवर कमावलेल्या ज्ञानाने.

नव्या इंजिनात झडप आपल्या बैठकीत मुरते तशी फट घटते. कॅम आणि रॉकर झिजतात तशी ती वाढते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असल्याने एकदा लावलेले माप कायमचे नसते. आता प्रतिकृतींत विजेच्या मोटारी रुळल्या आहेत आणि मोटारगाड्यांच्या पुष्कळ इंजिनांत तेलाच्या दाबावरचे टॅपेट ही मोकळीक आपोआप शून्यावर राखतात. फिलर गेजची पाती हातात घेण्याचा प्रसंग त्यामुळे विरळ होत चालला आहे. महाविद्यालयीन कार्यशाळेत एखादे जुने एव्ही-१ आणि छात्रसेनेच्या कपाटात एखादे फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन शिल्लक असेल, तर दोहोंची फट आधी थंड असताना आणि मग गरम असताना मोजण्यास एक दुपार पुरते.