मासिकांचं माप माणसांना

अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1873 साली फ्रँक शेपर्ड यानं डिंक लावलेल्या कागदी पट्ट्या विकायला सुरुवात केली. एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, त्यांचे क्रमांक पट्टीवर छापलेले असत. वकील ती ओली करून निवाड्यांच्या जाडजूड खंडात त्या त्या निकालाशेजारी समासात चिकटवायचा. हा निकाल अजून चालतो की पुढच्या कोर्टानं तो फिरवलाय, हे त्याला पान उघडताच कळायचं. शास्त्रज्ञांच्या आजच्या क्रमवारीचं मूळ शोधत गेलं, तर आपण या डिंकाच्या पट्ट्यांपाशी पोचतो.

मोजणीची कल्पना मात्र ग्रंथालयातली. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजातल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांपुढे अगदी घरगुती प्रश्न होता: पैसा मर्यादित, कपाटं मर्यादित, तर रसायनशास्त्राची कोणती मासिकं मागवायची? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मासिकाचा 1926 चा खंड घेतला आणि लेखांखालचे 3,633 संदर्भ एकेक करून मोजले. जर्मन मासिकांचं पारडं भलतंच जड निघालं. 1927 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी हा हिशेब छापला. प्रश्न वर्गणीचा होता आणि उत्तरही वर्गणीपुरतंच होतं.

या दोन्ही गोष्टी जुळल्या त्या यूजीन गारफिल्डच्या हातात. जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय लेखांच्या सूचींवर तो काम करत होता. शेपर्ड कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर यांनी 1953 मध्ये पत्र पाठवून वकिलांची युक्ती कळवली. दोनच वर्षांत गारफिल्डनं ‘सायन्स’मध्ये विज्ञानासाठी तशीच सूची मांडली. जुन्या लेखाचा धागा धरून त्याच्यावरचं नवं काम, त्यावरची टीकासुद्धा, संशोधकाला सापडावी एवढाच हेतू. 1960 च्या दशकात तिचे खंड निघाले. सूचीत कोणती मासिकं घ्यायची हे ठरवायला त्यानं आणि त्याचे सहकारी अर्व्हिंग शेर यांनी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ काढला. मासिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले उल्लेख भागिले त्या लेखांची संख्या, असा साधा भागाकार.

सायटेशन, म्हणजे असा उल्लेख, नक्की काय मोजतं, हा तिढा तेव्हापासूनचाच. ऑलिव्हर लोरी यांच्या 1951 च्या निबंधाला 3 लाखांहून अधिक उल्लेख मिळाले. त्यात सिद्धांत नाही. प्रथिनं मोजायची एक सोयीची रीत आहे. निबंध काही थोर नाही, असं खुद्द लोरीच म्हणत.

मासिकांवरून नजर माणसांवर वळली, तीही एका भौतिकशास्त्रज्ञामुळे. सॅन डिएगोच्या होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये एच-इंडेक्स सुचवला. किमान 20 निबंधांना प्रत्येकी किमान 20 उल्लेख असतील आणि 21 निबंधांना 21 नसतील, तर एच 20. माणसाची अख्खी कारकीर्द एका आकड्यात! निवड समित्यांना आणखी काय हवं होतं? पाचच वर्षांत ग्रेनोबलच्या सिरिल लाबे यांनी या आकड्याची परीक्षा घेतली. संगणकाकडून शंभरेक निरर्थक निबंध लिहवून घेतले, ते एकमेकांचे दाखले देतील असे गुंफले आणि आइक अँटकारे हा कधीही न जन्मलेला शास्त्रज्ञ उभा केला. गूगल स्कॉलरच्या हिशेबानं त्याचा एच-इंडेक्स 94 झाला. स्वारी आइनस्टाइनच्याही वर!

त्याच 2010 साली भारतात विद्यापीठ अनुदान आयोगानं अध्यापकांच्या बढतीसाठी ‘एपीआय’, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आणले. निबंध 1 ते 2 इम्पॅक्ट फॅक्टरच्या मासिकात आला तर 10 गुण जास्त, 2 ते 5 असेल तर 15. पोमोनातल्या कपाटाचा प्रश्न असा थेट बढतीच्या फाइलीत जाऊन बसला. मागणी आली तसे पुरवठादारही आले: पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणारी मासिकं, मुखपृष्ठावर बनावट इम्पॅक्ट फॅक्टर मिरवणारी. यात एकट्या प्राध्यापकाला दोष देणं सोपं आहे. पण तासिका, परीक्षा नि प्रवेश सांभाळून गुणही जमवा, हे सांगणारा तो नव्हता.

पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये गुणांसाठी ग्राह्य मासिकांच्या आयोगाच्या मान्य यादीतला विद्यापीठांनी सुचवलेला भाग तपासला. पाहिलेल्या मासिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. त्या मे महिन्यात आयोगानं 4,305 मासिकं वगळली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कक्ष उघडून ‘केअर’ यादी तयार झाली. 2025 च्या फेब्रुवारीत आयोगानं तीही बंद केली आणि मासिक पारखण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर सोपवली.