मुसीचा पूर आणि हैदराबादचे अभियंते

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबाद शहरातील हजारो माणसे बळी घेतली. अफजलगंजात एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या सुमारास लोकांनी प्राण वाचविले, असे सांगतात. पुराची खूण म्हणून ते झाड पुढे जतन केले गेले.

दुसऱ्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेला आणि मुंबई सरकारच्या चाकरीत खडकवासल्यास स्वयंचलित दरवाजे बसविणारा हा अभियंता. त्याला आढळले, की मुसीच्या पाणलोटात ७८८ तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला, की त्याचा लोंढा खालच्यावर कोसळे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या तलावांनी शेते पोसली, त्यांनीच त्या रात्री पुराला बळ दिले. यावर उपाय म्हणून मुसीवर व तिला मिळणाऱ्या ईसीवर, शहराच्या वरच्या अंगाला, दोन धरणे बांधावीत, असे विश्वेश्वरय्यांनी सुचविले. काही महिन्यांत अहवाल देऊन ते त्याच वर्षी म्हैसूरला गेले.

सल्लागार गेला आणि कागद उरले. अशा वेळी पुष्कळ योजना दप्तरात निजतात. ही निजली नाही. उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला, कारण संस्थानाच्या बांधकाम खात्यात काम उचलणारी माणसे तयार होत होती. त्यांत नवाब अली नवाज जंग यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. इंग्लंडात कूपर्स हिल येथे शिकलेल्या या मुख्य अभियंत्याने बीडच्या डोंगरांतून निघणाऱ्या मांजरेवर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर उभारला. त्या पाण्यावर निजामाबादेकडे ऊस वाढला आणि बोधनला साखरेचा कारखाना निघाला.

तथापि विलायतेत शिकलेल्या मोजक्या माणसांवर खाते किती दिवस चालणार? १९१७ मध्ये भाषांतर कार्यालय निघाले, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ आणि १९२९ मध्ये त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय. शिक्षण उर्दूतून होते. धरणाचे गणित देशी भाषेत मांडता येते, हे येथे दिसून आले. मात्र संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी. मराठवाड्यातून आलेल्या मुलाला ती भाषाही शिकावीच लागे. ही उणीव लहान नव्हती.

धरण बांधणे एक वेळ सोपे. ते सांभाळणे कठीण. शहराच्या नळांना पाणी हवे म्हणून जलाशय भरलेला असावा लागतो आणि पूर अडवायचा म्हणून त्यात जागा रिकामी ठेवावी लागते. भर पावसाळ्यात दरवाजा किती व केव्हा उचलावा, याचा निर्णय तेथे उभ्या असलेल्या माणसालाच करावा लागतो. त्याला वरच्या नाल्यानाल्याची ओळख हवी आणि वरिष्ठांना वेळेवर सांगण्याची हिंमतही हवी.

ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हिमायतसागराचे दरवाजे उघडावे लागले. शहरातील कित्येक वस्त्यांत पाणी शिरले. जुन्या तळ्यांच्या पोटात घरे उठली होती. दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंतच्या बांधकामांवर १९९६ च्या सरकारी आदेशाने बंधने घातली होती. ती २०२२ मध्ये दुसऱ्या आदेशाने उठविण्यात आली.