पदरचे चरित्रकार

चरित्र लिहिणारा बहुधा चरित्रनायकाच्याच पदरी असावा, या जुन्या रिवाजाशी २००१ साली अवतरलेल्या विकिपीडियाने फारकत घेतली, आणि विश्वसनीय साधनांत जे आढळते तेवढेच, कोणताही पक्ष न घेता नोंदवावे, हा दंडक स्वीकारला. परंतु मे २००५ मध्ये जॉन साइगेंथालर या वयोवृद्ध अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्याचा संबंध जोडणारा सर्वस्वी कपोलकल्पित मजकूर कोणा निनावी इसमाने घुसडला, आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला, तेव्हा नुसत्या दंडकाने भागत नाही हे उघड झाले. हयात व्यक्तींविषयीचा निराधार वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढून टाकावा, हा निर्बंध त्या प्रकरणानंतर आला.

निंदेचा बंदोबस्त असा झाला. स्तुतीचा मात्र दुर्घट. मॅसॅच्युसेट्सचे तत्कालीन लोकप्रतिनिधी मार्टी मीहान यांनी ठरावीक मुदतीनंतर पद सोडण्याचे वचन दिले होते व ते पाळले नव्हते. हा उल्लेख त्यांच्या कचेरीतील नोकरांनीच जुलै २००५ मध्ये चरित्रातून गाळला, आणि जानेवारी २००६ मध्ये एका वृत्तपत्रामुळे तो फेरफार चव्हाट्यावर आला. (आमच्या बखरकारांना असा जाब विचारणारे कोणी नव्हते!) निनावी निंदकापेक्षा या पदरच्या चरित्रकाराचीच धास्ती वाचकाने अधिक बाळगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.