जन्मखूण : एका नावाचा इतिहास

शब्दांचा इतिहास हा साहित्याच्या अभ्यासकाचा नेहमीचा प्रांत. परंतु शब्दाच्या सैल वापराची किंमत तान्ह्या मुलाच्या मज्जारज्जूला मोजावी लागावी, असे उदाहरण विरळाच. 'हिमँजिओमा' हा असा एक शब्द आहे.

जन्मानंतर काही दिवसांत वा आठवड्यांत बाळाच्या त्वचेवर स्ट्रॉबेरीसारखी लालभडक, उंचावलेली खूण उमटते. ही रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींची सौम्य गाठ होय. युरोपात जन्मखुणांना 'नीव्हस मॅटर्नस', म्हणजे 'आईची खूण' असे लॅटिन नाव होते. गर्भवतीची अतृप्त इच्छा किंवा तिचे भय बाळाच्या अंगावर उमटते, ही समजूत त्या नावातच गृहीत होती. आपल्याकडे डोहाळे पुरविण्याविषयी आणि ग्रहण पाळण्याविषयी ज्या धारणा आहेत, त्याही याच जातीच्या. म्हणजे नाव उच्चारताच आईवर ठपका येई. जेम्स ब्लॉन्डेल या लंडनच्या वैद्याने १७२७ साली या कल्पनेचे जाहीर खंडन केले. तरीही ती दीर्घकाळ टिकली.

एकोणिसाव्या शतकात रूडॉल्फ विर्शो यांनी सूक्ष्मदर्शकाखालील रचनेवरून अशा खुणांचे वर्गीकरण केले. आईवरचा ठपका दूर झाला, पण नवा घोटाळा सुरू झाला. ग्रीक 'ओमा' हा प्रत्यय गाठीचा वाचक. तो रक्तवाहिन्यांच्या जवळजवळ प्रत्येक विकृतीला लागला. प्रौढांच्या मणक्यातील 'हिमँजिओमा', मेंदूतील 'कॅव्हर्नस हिमँजिओमा' आणि बाळाच्या पाठीवरील लाल खूण एकाच नावाखाली आल्या. वस्तुतः पहिल्या दोन बहुधा रक्तवाहिन्यांच्या रचनेतील दोष असतात. त्या आपोआप विरून जात नाहीत. बाळाची गाठ मात्र पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते आणि पुढील काही वर्षांत ओसरते. हा क्रम लिस्टर यांनी १९३८ साली नोंदविला होता.

१९८२ साली मलिकन आणि ग्लोवाकी यांनी पेशींच्या वर्तनावरून वाढणाऱ्या गाठी आणि जन्मजात रचनादोष असे दोन वर्ग वेगळे केले. बाळाच्या गाठीतील पेशींत 'ग्लूट-१' हे प्रथिन आढळते, रचनादोषांत ते आढळत नाही, हे २००० साली दाखविले गेले. त्यामुळे या भेदाला भक्कम पुरावा मिळाला. मेंदू वा कण्याच्या पोकळीत खरा इन्फंटाइल हिमँजिओमा सापडतो, पण क्वचित.

मात्र 'आपोआप जाईल' हे आश्वासन सरसकट देता येत नाही. भ्रूणावस्थेत त्वचा आणि मज्जासंस्था एकाच थरातून घडतात. त्यामुळे पाठीच्या खालच्या भागात, मध्यरेषेवर असलेली मोठी खूण आतील दोषाची सूचक असू शकते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा खुणा असलेल्या बालकांपैकी सुमारे निम्म्यांच्या कण्यात दोष आढळले. त्यांतील एक दोष म्हणजे तळाशी जखडलेला मज्जारज्जू. मूल वाढते तसा तो ताणला जातो. पाय दुबळे होतात, लघवीवरचा ताबा जातो. अशा खुणांसाठी त्याच वर्षी 'लम्बर' हे आद्याक्षरांचे नाव सुचविले गेले. चेहऱ्यावरील विस्तीर्ण खुणेचा मेंदूतील दोषांशी असलेला संबंध १९९६ सालीच 'फेस' या नावाने नोंदविला गेला होता.

२००८ साली फ्रान्समधील बोर्डो येथील डॉक्टरांनी हृदयविकारावरील प्रोप्रॅनोलॉल या औषधाने हे हिमँजिओमा आक्रसतात, असे प्रसिद्ध केले. आज गंभीर हिमँजिओमावर हाच प्रमुख उपचार आहे. पण त्वचेवरील खूण फिकी पडली, तरी जखडलेला मज्जारज्जू त्यामुळे सुटत नाही. चिन्ह पुसले जाते, चिन्हित मागे उरते. म्हणून अशा जागी खूण दिसताच, ती मावळण्याची वाट न पाहता कण्याची एमआरआय तपासणी करणे अगत्याचे ठरते.

'आईची खूण' या नावाने विचारलेला प्रश्न होता, 'दोष कोणाचा?' नेमक्या नावांनी तो बदलला : 'या खुणेखाली काय आहे?' चिन्हे वाचण्याचा आम्हा साहित्यशिक्षकांचा उद्योग निरुपद्रवी समजला जातो. येथे मात्र नीट वाचन झाले की नाही, यावर एखाद्या मुलाचे चालणे अवलंबून असते.